वीस अनुयायी आणि एक वही: पाथफाइंडरमध्ये माणसांच्या बळावर कमाई

पाथफाइंडर म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि गोष्ट रचत खेळायचा भूमिकांचा खेळ. त्यातली माझी बार्ड, म्हणजे गाणं म्हणणारी साहसवीर, सातव्या लेव्हलला पोचून गावात परतली, तेव्हा वेशीवर पाच माणसं तिची वाट बघत उभी होती. एक सुतार, दोन विणकर, एक पाव भाजणारा आणि एक म्हातारबुवा, ज्यांना घोड्यांशी बोलण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं. लीडरशिप हे फीट, म्हणजे अनुयायी मिळवून देणारं खास कसब, मी नुकतंच घेतलं होतं आणि डोक्यात फक्त आकडे नाचत होते: पाच जण, आठवड्याला इतके, महिन्याला तितके. आमचा जीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा गेम मास्टर, हा माझा मावसभाऊ. त्याने शांतपणे विचारलं, "अगं, पण आज रात्री ही माणसं जेवणार कुठे?"

पुढचा सगळा लेख त्या एका प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे. अनुयायांकडून पैसा मिळतो, नक्की मिळतो. पण नियमांची पुस्तकं तुम्हाला माणसं देतात, पगाराचं पाकीट देत नाहीत. मधला हिशोब तुमचा तुम्हाला लिहावा लागतो.

मी इथे पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीबद्दल बोलतेय, म्हणजे २००९ साली आलेल्या. तिचा पाया डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ३.५ आवृत्तीचा असल्यामुळे बहुतेक आकडे दोन्हीकडे चालतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळणाऱ्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय, कारण तिथलं गणितच वेगळं आहे. नाण्यांचं मात्र आधी पक्कं करून घ्या: १ सोन्याचं नाणं म्हणजे १ जीपी, त्याचे १० चांदीचे एसपी, आणि १ एसपीचे १० तांब्याचे सीपी.

आधी जीएमला विचारा

लीडरशिप घ्यायला पाथफाइंडरमध्ये सातवी लेव्हल लागते, ३.५ मध्ये सहावी. पण लेव्हल आली म्हणून फीट मिळालंच असं समजू नका. टेबलावर पाच खेळाडू असतील आणि त्यातल्या एकाच्या मागे वीस माणसांचा लवाजमा असेल, तर प्रत्येक लढाई तासभर लांबते. म्हणून अनेक जीएम सरळ नाही म्हणतात. पाथफाइंडर सोसायटीच्या संघटित खेळात तर हे फीट चालतच नाही. जीएमकडे जाताना "मला सैन्य हवंय" असं म्हणू नका. "मला गावात एक कार्यशाळा चालवायची आहे, माणसं लढाईत आणणार नाही" असं म्हणा. होकार मिळायची शक्यता एकदम वाढते, आणि तुम्हाला पैसाच हवा असेल तर ते खरंही आहे.

तुमचा स्कोअर काढा

लीडरशिप स्कोअर म्हणजे तुमची लेव्हल अधिक करिष्म्याचा मॉडिफायर, म्हणजे त्या गुणामुळे मिळणारी भर. माझ्या बार्डचा करिष्मा १६, म्हणजे +३. सातवी लेव्हल. एकूण १०. तक्त्यात १० समोर काय आहे? पहिल्या लेव्हलचे ५ अनुयायी. झालं, वेशीवरचे पाच.

शिवाय एक कोहोर्ट मिळतो, म्हणजे तुमचा उजवा हात. तक्त्यात त्याच्यासाठी सातवी लेव्हल लिहिलेली असली तरी पाथफाइंडरमध्ये कोहोर्ट तुमच्यापेक्षा किमान दोन लेव्हल खालचाच असावा लागतो, म्हणून मला पाचव्या लेव्हलचा मिळाला. त्याच्याकडे नंतर येऊ.

नवखे खेळाडू इथेच थांबतात आणि मग "पाच माणसांत काय होणार" म्हणून कुरकुरतात. पण स्कोअर वाढवायच्या गोष्टी त्याच पानावर आहेत. मोठी कीर्ती असेल तर +२. न्यायी आणि उदार अशी ख्याती असेल तर +१. आणि फक्त अनुयायांच्या हिशोबापुरतं, स्वतःचा किल्ला, वाडा, गिल्डचं घर असा कायमचा ठिकाणा असेल तर आणखी +२. आम्ही गावाला एका ड्रेकच्या, म्हणजे छोट्या ड्रॅगनच्या, तावडीतून सोडवलं होतं, त्याची कीर्ती झाली. लुटीतला वाटा गावकऱ्यांना दिला होता, म्हणून उदारपणाचा एक मिळाला. नदीकाठची पडकी गिरणी विकत घेतली, ती ठिकाणा म्हणून जीएमने मान्य केली. १० चा स्कोअर अनुयायांसाठी १५ झाला.

आता १५ समोर बघा: पहिल्या लेव्हलचे २०, दुसऱ्या लेव्हलचे २, तिसऱ्या लेव्हलचा १. पाचावरून तेवीस! एक पडकी गिरणी आणि थोडी दानत. नवीन तलवार घेण्याआधी छप्पर घ्या, असं मी प्रत्येक नव्या खेळाडूला सांगते.

तसाच स्कोअर घसरतोही. सतत भटकत असाल तर अनुयायांसाठी −१. लोकांना जवळ येऊ देत नसाल तर −१. अपयशाची ख्याती −१. क्रूरपणा −२. आणि तुमच्यामुळे अनुयायी मेले तर −१. हे उणे आकडे मी पहिल्यांदा वाचलेच नव्हते. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगते.

कोण काय करतं ते लिहून काढा

वही इथे उघडायची. प्रत्येक माणसाला एक ओळ: नाव, व्यवसाय, बोनस, आठवड्याची कमाई.

नियम साधा आहे. प्रोफेशन किंवा क्राफ्ट हे कौशल्य असलेला माणूस आठवडाभर मन लावून आपला धंदा करतो, आणि चेकचा, म्हणजे फासा अधिक कौशल्याचा बोनस असा, जो आकडा येतो त्याच्या निम्मे जीपी त्याला मिळतात. रोज फासे टाकत बसू नका. टेक टेन घ्या, म्हणजे फाशावर दहा पडले असं धरायचं.

पहिल्या लेव्हलचा चांगला कारागीर कसा बनतो ते जवळून बघा. कौशल्यात एक रँक, म्हणजे १. ते त्याच्या क्लासचं, म्हणजे पेशाचं, कौशल्य आहे, म्हणून ३. शहाणपणाचा मॉडिफायर १. स्किल फोकस हे फीट घेतलेलं असेल तर आणखी ३. एकूण +८. टेक टेन घेतलं की १८, त्याचे निम्मे ९. आठवड्याला ९ जीपी. स्किल फोकस नसेल तर +५, म्हणजे १५, म्हणजे ७ जीपी ५ एसपी.

आणि ज्याला काहीच कौशल्य नाही त्याचं काय? आमच्या म्हातारबुवांचं? अकुशल मजुराला दिवसाला साधारण १ एसपी मिळतो. तीस दिवसांचे ३ जीपी. आता याच पुस्तकात राहणीमानाचा महिन्याचा खर्च बघा: गरिबीत राहायचं तर ३ जीपी, साधारण राहायचं तर १० जीपी, श्रीमंतीत १०० जीपी. म्हणजे मजूर राबराब राबतो आणि बरोब्बर गरीब राहण्यापुरतं कमावतो, एक तांब्याचं नाणं शिल्लक नाही. ज्याने हे आकडे बसवले त्याने रोजंदारीवरची माणसं पाहिलेली असणार.

तेवीसच्या तेवीस जण कमावणार आहेत असं धरलंत तर फसाल. माझ्या वहीतली विभागणी अशी होती: सहा जण पहारेकरी, कारण भरलेल्या गिरणीवर कोणाचा ना कोणाचा डोळा असतोच. तिघं स्वयंपाक, तबेला आणि झाडलोट बघणारी, म्हातारबुवा तबेल्यात. उरलेले पहिल्या लेव्हलचे अकरा जण कमावणारे. दुसऱ्या लेव्हलचे दोघं पहाऱ्याचा नाईक आणि कोठीवाली, तर तिसऱ्या लेव्हलची एक अ‍ॅडेप्ट, म्हणजे गावची वैदूबाई.

अकरातल्या पाच जणांकडे स्किल फोकस: ४५ जीपी. सहा जणांकडे नाही: तेही ४५ जीपी. आठवड्याला ९०, चार आठवड्यांचे ३६०. तेवीस जणांना साधारण राहणीमानात ठेवायचं तर २३० जीपी खर्च. हातात उरले १३०.

पहिल्या दिवशी मी वीस गुणिले नऊ गुणिले चार करून ७२० ची स्वप्नं पाहिली होती. १३० बघून तोंड पडलं. पण हा आकडा खरा आहे, आणि तो दर महिन्याला येतो, तुम्ही भुयारात असा नाहीतर अंथरुणात.

राहणीमानाचे दर पुस्तकात खेळाडूंच्या कॅरेक्टरसाठी दिलेले आहेत. अनुयायांना ते लावावेत असा सक्तीचा नियम नाही. आम्ही लावतो, कारण त्याशिवाय पैसा हवेतून आल्यासारखा वाटतो. तुमच्या टेबलावर काय चालतं ते पहिल्याच सेशनला ठरवा.

पैसा कोणाचा?

पुस्तक यावर गप्प आहे. अनुयायी निष्ठावान असतो असं लिहिलंय, तो कमाई तुमच्या पायाशी आणून ओतेल असं कुठेही लिहिलेलं नाही. सुताराने आठवडाभर रंधा मारून ९ जीपी मिळवले, ते त्याचे आहेत. मग तुम्हाला कशाचे पैसे?

जागेचे, हत्यारांचे आणि संरक्षणाचे. आमच्याकडे तीन पद्धती करून झाल्या. पहिली, सगळी कमाई माझी आणि सगळ्यांचा खर्च मी करायचा, म्हणजे वर मांडलेला १३० चा हिशोब. कागदावर सोपी, पण जीएमच्या तोंडून सुतार सतत काहीतरी मागत राहतो. दुसरी, देवळासारखा दहावा हिस्सा: ३६० चे ३६ जीपी, खर्च त्यांचा त्यांनी बघायचा. पहारेकरी आणि घरकामवाल्यांचं पोट मात्र तुमच्याच गळ्यात, ते कमावत नाहीत. नऊ जण गुणिले १० केलं की ९० लागतात आणि तुम्ही थेट तोट्यात. तिसरी पद्धत टिकली: कमावणारा तिसरा हिस्सा देतो, १२० जीपी होतात, त्यातून मी पहारा आणि घरकामाच्या नऊ जणांचे ९० देते. वरचे तिघं आपापलं बघतात. वैदूबाईला तर लोक कोंबड्या आणून देतात. मला उरतात ३० जीपी. पहिल्या पद्धतीपेक्षा शंभर कमी, पण भांडण नाही, आणि उदारपणाचा तो +१ शाबूत राहतो.

हा +१ किती महाग आहे ते बघाच. समजा तुम्ही माणसांना पिळलं. उदारपणा गेला, −१. क्रूरपणाची ख्याती आली, −२. पंधराचा स्कोअर बारा झाला. बारासमोर तक्त्यात पहिल्या लेव्हलचे ८ अनुयायी आहेत, वरच्या लेव्हलचा एकही नाही. शंभर जीपीच्या हव्यासात पंधरा माणसं चालती झाली.

जिथे सगळे नवखे फसतात

या भागावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण प्रत्येक नवा खेळाडू याच चार कल्पना घेऊन येतो आणि चारही वेळा आपल्याला खजिना सापडलाय असं त्याला वाटतं.

पहिली कल्पना: वस्तू बनवून विकू. लोहाराला चेन शर्ट, म्हणजे कड्यांचं चिलखत, बनवायला लावा. किंमत १०० जीपी. कच्चा माल किमतीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ३३ जीपी. डीसी, म्हणजे चेकने गाठायचा आकडा, १४, कारण दहा अधिक चिलखताचा बोनस चार. आपल्या +८ च्या लोहाराचा चेक १८. अठरा गुणिले चौदा म्हणजे आठवड्याला २५२ एसपी किमतीचं काम. हजार एसपी व्हायला चार आठवडे. मग तो शर्ट तुम्ही बाजारात नेता, आणि दुकानदार निम्मी किंमत देतो: ५० जीपी. नफा १७, तोही चार आठवड्यांत. म्हणजे आठवड्याला जेमतेम ४ जीपी, आणि तोच लोहार नुसता आपला धंदा करत बसला असता तर ९ मिळाले असते!

पण तोच शर्ट तुमच्या पहारेकऱ्याला हवा असेल तर? बाजारात १०० पडले असते, तुम्हाला ३३ पडले. चार आठवड्यांत ६७ वाचले, आठवड्याला सोळा-सतरा. म्हणून आमच्या गिरणीचा नियम असा की विकायला काही बनवायचं नाही, वापरायला बनवायचं.

जादूच्या वस्तूंचं तर याहून स्वच्छ उदाहरण आहे. कोहोर्ट विझार्ड असेल आणि त्याच्याकडे वस्तू बनवायचं फीट असेल तर वस्तू निम्म्या खर्चात होते. विकताना मिळते निम्मीच किंमत. नफा शून्य, वर दिवस गेले ते वेगळेच. दर हजार जीपी किमतीमागे एक दिवस लागतो. पण पार्टीतल्या, म्हणजे आपल्या टोळीतल्या, फायटरला ४,००० जीपीचा क्लोक हवा असेल आणि तुमचा कोहोर्ट तो चार दिवसांत २,००० मध्ये करून देत असेल, तर तुम्ही एका फटक्यात २,००० वाचवले. गिरणीच्या १३० शी तुलना करा. अनुयायांच्या जोरावरची खरी श्रीमंती ही अशी, वाचलेल्या पैशाची असते.

दुसरी कल्पना: सगळ्यांना उत्तम हत्यारं देऊ. मास्टरवर्क अवजार ५० जीपीचं, बोनस +२. चेक १८ चा २० होतो, कमाई ९ ची १०. आठवड्याला एक जीपी जास्त. पैसे वसूल व्हायला पन्नास आठवडे लागतील, आणि बहुतेक कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टी, त्याआधीच गुंडाळले जातात. एकाने दुसऱ्याला मदत करून +२ मिळवणं त्याहून वाईट: एक जीपी वाढतो आणि मदतनिसाची स्वतःची अख्खी कमाई बुडते.

तिसरी कल्पना जरा हुशार आहे. पुस्तकात कुशल भाडोत्री माणूस दिवसाला ३ एसपीला मिळतो, आठवड्याला २ जीपी १ एसपी. कुशल माणूस आठवड्याला ९ कमावतो. मग पन्नास माणसं भाड्याने घ्या आणि मधले सात-सात खिशात टाका! नियमातलं हे भोक खरंच आहे, कोणी नाकारत नाही. पण जीएमला ते दिसतंच. आमच्या भावाने एवढंच विचारलं की ज्याला एकट्याने ९ मिळतात तो तुझ्याकडे २ वर का येईल. मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय म्हणून. त्याने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि बटाटेवडे मागवले. विषय संपला.

चौथी, वैदूबाईची. मंत्र विकत घ्यायचा दर असतो कास्टरची, म्हणजे मंत्र टाकणाऱ्याची, लेव्हल गुणिले मंत्राची लेव्हल गुणिले १० जीपी. तिसऱ्या लेव्हलच्या अ‍ॅडेप्टने क्युअर लाइट वूंड्स हा जखमा भरणारा पहिल्या लेव्हलचा मंत्र टाकला की ३० जीपी. रोज एक विकला तर आठवड्याला २१०! पण गावातल्या मजुराची रोजची मिळकत १ एसपी. एका मंत्रासाठी तीनशे दिवसांची मजुरी कोण देणार? मोठ्या शहरात, जखमी साहसवीरांच्या सरायीशेजारी, हा धंदा चालेल. आमच्या गावात बाईला कोंबड्याच मिळाल्या. पाथफाइंडरच्या यादीत कोंबडी २ सीपीला.

व्यापाराची थोडी चव

वस्तू निम्म्या किमतीला विकल्या जातात, पण व्यापारी माल अपवाद आहे. गहू, लोखंड, कापड, मसाले हे पूर्ण किमतीला, जवळजवळ नाण्यासारखे चालतात. यादी वाचताना मराठी माणसाला हसू येतं. दालचिनी पौंडाला १ जीपी, मिरी २ जीपी, आणि लवंग १५ जीपी, म्हणजे एका बैलाच्या भावात. आपल्या घरातल्या गोड्या मसाल्याच्या डब्यात किती बैल बांधलेत ते मोजून बघा. मीठ पौंडाला ५ जीपी, चांदीच्याच भावात. खाल्ल्या मिठाला जागणं या जगात भलतंच महाग काम आहे.

नियमाने खरेदी आणि विक्रीचा भाव एकच असल्यामुळे नुसत्या पुस्तकावर नफा नाही. नफा येतो तो जीएमने दोन गावांत दोन भाव ठेवले तर. तेव्हा आधी विचारा: "डोंगरापलीकडे मीठ महाग आहे का?" तो हो म्हणाला तर बैलगाडी १५ जीपीला मिळते, दोन पहारेकरी बरोबर द्या. एवढं मात्र ध्यानात ठेवा की त्या वाटेवर दरोडेखोर असणारच. तुम्ही प्रश्न विचारला त्या क्षणी ते जन्माला आले.

गैरहजेरी आणि कोहोर्ट

तुम्ही साहसी आहात, म्हणजे महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. कोहोर्टला बरोबर न्यायचा मोह होतो, कारण तो लढतो आणि त्याला अनुभवाचे गुणही मिळतात (अनुयायांना मिळत नाहीत, तुमचा सुतार पाच वर्षांनीही पहिल्या लेव्हलचाच राहतो). पण पैसा हवा असेल तर कोहोर्ट घरी ठेवा. आठवड्याची कमाई "मन लावून केलेल्या" आठवड्याची असते. मधेच पूर आला, गॉब्लिन आले, तंटा झाला की तो आठवडा बुडाला. घरात निर्णय घेणारं कोणी असेल तर असे आठवडे कमी बुडतात.

आता माझी चूक. गिरणीमागच्या टेकडीत एक जुनी खाण होती. मी सहा पहारेकऱ्यांना "जरा बघून या" म्हणून पाठवलं आणि स्वतः शहरात गाणं म्हणायला गेले. (जाता जाता: टेक टेन घेऊन २० गाठणारा कलाकार भरभराटीच्या शहरात दिवसाला ३डी१०, म्हणजे दहा बाजूंच्या तीन फाशांवर येतील तितके, एसपी कमावतो, आठवड्याला सरासरी साडेअकरा जीपी. कारागिरापेक्षा जास्त, पण शहर मात्र हवं.) खाणीत घूल, म्हणजे प्रेतं खाणारी भुतं, होती. सहापैकी दोघं परत आले. अनुयायांच्या मृत्यूला कारण झाल्याबद्दल −१, अपयशाची ख्याती −१. पंधराचा स्कोअर तेरा. तेरासमोर पहिल्या लेव्हलचे १० आणि दुसऱ्याचा १. त्या रविवारी जीएमने एकेका माणसाचं नाव वाचत सांगितलं की आज कोण सामान बांधून निघालं. पाव भाजणारा सगळ्यात शेवटी गेला. ३.५ च्या नियमात गेलेल्या माणसांच्या जागी नवीन यायला १डी४ महिने लागतात, आणि दोष तुमचाच असेल तर वर्षभरही; आम्ही तोच नियम उसना घेतलाय. मला तीन सेशन रिकामी गिरणी बघावी लागली.

पहिल्या लेव्हलच्या माणसाला बोटावर मोजण्याइतके हिट पॉइंट असतात. त्याला दारावर उभं करा, भुयारात पाठवू नका.

डाउनटाइमचे, म्हणजे दोन साहसांमधल्या मोकळ्या वेळेचे, नियम वापरत असाल तर

२०१३ च्या अल्टिमेट कॅम्पेन या पुस्तकात इमारती आणि धंद्यांची वेगळी पद्धत आहे. तिथे माल, प्रभाव, श्रम आणि जादू अशी चार प्रकारची भांडवलं असतात. श्रमाचं एक एकक स्वतः मिळवलं तर १० जीपी, विकत घेतलं तर २० जीपी. इमारतीची कमाई काढताना फाशाचा आकडा आणि इमारतीचा बोनस मिळवून दहाने भागायचं. +३० च्या कार्यशाळेत फाशावर दहा आले तर ४० भागिले १०, दिवसाला ४ जीपी, आठवड्याला २८. तीन चांगले कारागीर एवढंच कमावतात. दोन्ही पद्धती एकाच माणसाला लावू नका: तोच सुतार इमारतीतही मोजला आणि स्वतंत्रही मोजला तर ती लबाडी आहे, आणि ती जीएमच्या आधी बाकीच्या खेळाडूंच्या लक्षात येते.

पाचव्या आवृत्तीचे खेळाडू

२०१४ च्या पुस्तकांत लीडरशिप फीट नाही. धंदा चालवायला डी१०० चा तक्ता आहे: फासा अधिक तुम्ही धंद्यावर घालवलेले दिवस, जास्तीत जास्त तीस. २० किंवा कमी आले तर देखभालीच्या दीडपट खिशातून भरा; ४१ ते ६० मध्ये धंदा आपला खर्च आपण भागवतो; ९१ च्या पुढे नफा ३डी१० गुणिले ५ जीपी. गावातल्या सरायीचा रोजचा खर्च ५ जीपी. घरी न बसता हा धंदा करू नका, एवढंच सांगते. सोबत्यांच्या निष्ठेसाठी तिथे पर्यायी नियम आहे: पार्टीतला सर्वात मोठा करिष्मा ही कमाल, आणि सुरुवात त्याच्या निम्म्यावर. २०२४ च्या नव्या पुस्तकात पाचव्या लेव्हलपासून स्वतःचा बुरूज मिळतो, नोकरांसकट.

आणि कोणी जुना गडी डंजन्स अँड ड्रॅगन्सची १९७८ ची पहिली अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्ती घेऊन बसला असेल, तर तिथे नवव्या लेव्हलच्या फायटरला आपल्या मुलखातल्या दर डोक्यामागे महिन्याला ७ चांदीची नाणी मिळतात, धर्मगुरूला ९. शंभर माणसांचे ७०० एसपी, आणि त्या काळात वीस चांदीला एक सोनं, म्हणजे ३५ जीपी.

पहिल्या सेशनच्या आधी

पाच माणसं लिहा, तेवीस नकोत. नाव, धंदा, बोनस, कुठे झोपतो आणि घरी कोण आहे. एक पान पुरतं. त्याची एक प्रत जीएमला द्या. पुढच्या वेळी पळवून न्यायला त्याला कोणाचं तरी नाव लागणारच आहे, आणि ते म्हातारबुवांचं असावं की सुताराचं, हे निदान तुम्ही सुचवू शकाल.